सॉफ्टबॉलचा स्विंग (बॅट फिरवणं) कसा बघायचा आणि कसा सुधारायचा

रत्नागिरीकडे शाळेच्या मुलींना सॉफ्टबॉल शिकवताना ग्राउंडच्या कडेने तीन सल्ले रोज ऐकू येतात, "बॉलकडे बघ", "कोपर वर घे" आणि "जोरात मार". कृपा करून हे बंद करा, यातून पोरीला नक्की काय बदलायचं ते कळतच नाही.

आधी शूटिंग. फोन स्लो मोशनला, सेकंदाला २४० फ्रेम असतील तर उत्तम, कंबरेच्या उंचीवर ठेवून एकदा बॅटरच्या छातीसमोरून आणि एकदा कॅचरच्या (बॅटरमागे बॉल पकडणारीच्या) मागून जाळीआडून. पाच स्विंग टीवरचे (टी म्हणजे वर बॉल ठेवायची उभी दांडी), पाच टाकलेल्या बॉलवरचे. टी विकत आणू नका, घमेल्यात सिमेंट ओतून पीव्हीसी पाइप उभा करायचा, वर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवायचा, झालं.

आता खरं काम. पुढची टाच जमिनीला टेकते ती फ्रेम शोधून तिथे व्हिडिओ थांबवा. हात मागच्या खांद्याजवळ आहेत का, आणि छाती अजून प्लेटकडे (जमिनीवरच्या ज्या पाटीवरून बॉल जातो तिकडे) आहे का, एवढंच बघा. आपल्याकडच्या बहुतेक मुलींचे हात तेव्हाच बाहेर निघालेले असतात. अंडरआर्म टेनिस बॉल क्रिकेट खेळून आलेल्या पोरींना हात लांब करून बॉल लेगला ओढायची सवय असते, तिथे ते चालून जातं. इथे सिनियर मुलींना ४३ फुटांवरून बॉल येतो, चांगली पिचर (बॉल टाकणारी) असेल तर अर्धा सेकंदसुद्धा मिळत नाही, मग लांबून फिरून येणारी बॅट उशिरा पोचते, आतला बॉल मुठीजवळ लागतो आणि हात झिणझिणतात.

यात मी स्वतः चुकलोय म्हणून सांगतो. एका मुलीला मी अख्खा सीझन "हात आत ठेव, हात आत ठेव" सांगत राहिलो, तिने कोपरं पोटाला चिकटवली आणि होता तोही जोर गेला. जाळीपासून एका बॅटच्या अंतरावर उभं करून जाळीला न लागता फिरवायचं ड्रिल सगळे करतात, त्याने दोष दिसतो पण जात नाही, उलट पोरी आखडतात. हात बाहेर पडतात कारण कंबर वेळेवर फिरत नाही, किंवा कंबर आणि खांदे एकदमच उघडतात. मग बॅट फिरवायला हातच उरतात.

मला हे खाडीवर पाग (हाताने फेकायचं मासेमारीचं जाळं) टाकणाऱ्याकडे बघून कळलं. तो आधी कंबर वळवतो, जाळं धरलेले हात मागेच राहतात आणि सगळ्यात शेवटी सुटतात. आमच्या मुलींनी घरी पाग बघितलेला असतो, त्यामुळे "बाय, पाग टाकतात तशी फिर" म्हटलं की अर्धं काम होतं.

ड्रिल असं. पाऊल टाका, टाच टेकली की पूर्ण थांबा, मनात एक म्हणा, हात जागेवरच, मग कंबरेपासून फिरा. टीवर बॉल पुढच्या पायाच्या रेषेत ठेवा आणि समोर दोन माडांमध्ये मासेमारीचं जुनं जाळं बांधा. पंचवीस बॉल, मग परत शूटिंग, तीच फ्रेम. जमलं की टाच टेकल्यावरचा तो थांबा छोटा करत करत काढून टाका, तो तसाच ठेवलात तर मॅचमधे पोरगी बॉल येताना अडकते, हेही बघितलंय. आणि बॅट जड असेल तर यातलं काहीच होणार नाही, आधी हलकी बॅट द्या.

टीनंतर बाजूने हळू टाकलेले बॉल, मग समोरून, मग पिचर. एका वेळी एकच दुरुस्ती.

जून ते सप्टेंबर ग्राउंडवर पाणी असतं तेव्हा पडवीत मोज्यांचे गोळे करून हेच ड्रिल चालू ठेवा. मॅचच्या आठवड्यात मात्र स्विंगला हात लावू नका, कुठल्याही पालकाने कितीही सांगितलं तरी.