झूम हवा की उजेड?

छोटा कॅमेरा घ्यायचा, तर सोनी आरएक्स१०० मार्क ७ की कॅनन जी७एक्स मार्क ३? दोन्ही २०१९चे, सेन्सर (उजेड टिपणारी चिप) १ इंची, वजन ३०० ग्रॅमच्या आसपास, मेगापिक्सेलही २०च. तेव्हा लेन्स बघा. कॅननची वाइडला, म्हणजे झूम न करता, एफ/१.८ उघडते, सोनीची एफ/२.८. हा आकडा जितका लहान तितकं लेन्सचं तोंड मोठं, म्हणजे कॅननमध्ये दुपटीहून जास्त उजेड. ट्यूबलाइटखाली बागडणारं पोर टिपायला तोच बरा. गॅदरिंगला मागच्या रांगेतून स्टेजवरची लेक जवळ आणायची, तर सोनी: झूम २०० मिमीपर्यंत, कॅननची १००वर संपते. भर उन्हात डोळा लावायला व्ह्यूफाइंडरही सोनीलाच. माझे रोजचे फोटो मात्र संध्याकाळी घरातच निघतात, म्हणून मी कॅननवाला. जादा बॅटरी त्याच बिलात घ्या. दोन्ही लवकर दम टाकतात.