लम्पी: गाठी दिसायची वाट बघू नका, आधी ताप बघा

पाऊस सुरू झाला, गोठ्यात ओल आली, माश्या डास वाढले की लम्पीची, म्हणजे गायी-म्हशींच्या अंगावर गाठी आणणाऱ्या व्हायरसच्या आजाराची, भीती परत सुरू होते. ज्यांच्याकडे दोन-चारच जनावरं आहेत त्यांच्यासाठी मुद्दाम लिहितोय, कारण पन्नास गायींच्या गोठ्यात एक गाय पडली तरी धंदा चालू राहतो पण दोनातली एक बसली की घरात येणारा अर्धा पैसा त्याच दिवशी थांबतो आणि औषधाचा खर्च मात्र त्याच दिवशी सुरू होतो.

मागच्या साथीत आमच्याकडे काय झालं ते सांगतो. संध्याकाळची धार काढली तर दूध नेहमीपेक्षा कमी भरलं, मला वाटलं वैरण बदललीय म्हणून असेल. गाय उभी होती, थोडंफार खात पण होती, फक्त एका डोळ्यातून पाणी गळत होतं आणि नाक ओलं-चिकट झालेलं. तिसऱ्या दिवशी सकाळी मानेवरून हात फिरवला तर कातडीखाली सुपारीएवढ्या टणक गाठी. मधल्या दोन दिवसांत ती शेजारच्या गायीच्या गव्हाणीत तोंड घालत होती, एकाच बादलीतलं पाणी पीत होती आणि माश्या हिच्या अंगावरून उडून तिच्या अंगावर बसत होत्या. पंधरा दिवसांत दुसरीलाही गाठी आल्या. ते दोन दिवस माझ्या हातातून गेले ही गोष्ट मला अजून टोचते.

म्हणून पहिलं काम म्हणजे साधा डिजिटल थर्मामीटर घ्या. साथ जवळपास आली असेल तर रोज सकाळी धारेच्या वेळी प्रत्येक जनावराचा ताप शेपटीखालून बघा आणि वहीत लिहून ठेवा. १०१-१०२ फॅरनहाईट नॉर्मल धरायचं, १०४ च्या वर गेलं की गाठी असोत नसोत त्या जनावराला तिथून हलवायचं आणि डॉक्टरांना फोन करायचा. ताप आधी येतो, गाठी मागून येतात, साधारण एक-दोन दिवसांनी. अजून एक, मान जिथे खांद्याला मिळते त्याच्या थोडं पुढे बोटं दाबून बघा, आजारी जनावरात तिथली आतली गाठ (लसिका ग्रंथी) लिंबासारखी फुगलेली लागते आणि ती बऱ्याचदा कातडीवरच्या गाठींच्या आधीच हाताला लागते. ही तपासणी दोन मिनिटांची आहे, टाळू नका.

लसीचं सांगतो. लस टोचली की जनावर त्याच दिवशी सुरक्षित झालं असं होत नाही, पूर्ण ताकद यायला साधारण तीन आठवडे लागतात, त्यामुळे साथ शेजारी आल्यावर पळापळ करण्यात अर्थ नाही, पावसाच्या आधीच टोचून घ्या. भारतात गायींना शेळ्यांच्या देवीची लस दिली गेली कारण दोन्ही व्हायरस एकाच घराण्यातले आहेत. लसीनंतर थोडा ताप येतो, टोचल्या जागी सूज येते, दोन-तीन दिवस दूध जरा कमी होतं, त्याला घाबरून "लस नको" म्हणणारे मी बघितलेत आणि नंतर त्यांचंच जास्त नुकसान झालेलं पण बघितलंय. बाल्कन देशांत (आग्नेय युरोपात) २०१६ मध्ये साथ पसरली तेव्हा सरसकट लसीकरण केलं आणि २०१७ मध्ये केसेस ९५ टक्क्यांनी खाली आल्या, यापेक्षा मोठा पुरावा काय पाहिजे. फक्त आजारी किंवा ताप असलेल्या जनावराला लस टोचायची नाही, आणि प्रत्येक जनावराला नवी सुई, हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा, एकाच सुईने सगळा गोठा टोचला तर आपणच आजार फिरवला असं होतं.

हा आजार मुख्यतः चावणाऱ्या माश्या, डास आणि गोचीड यांच्यामुळे पसरतो. १९२९ साली झांबियात पहिल्यांदा दिसला तेव्हा लोकांना वाटलं विषबाधा असेल नाहीतर किड्यांच्या चावण्याची ॲलर्जी असेल, संसर्ग आहे हे नंतर कळलं. गाय उभ्या उभ्या सारखे पाय आपटत असेल तर समजा चावरी माशी पायाला लागलीय. ही माशी ओलं शेण आणि त्यात मिसळलेली सडकी वैरण यात अंडी घालते, म्हणजे गव्हाणीखाली जो काळा ओला थर साचतो तोच तिचा कारखाना. तो दर दोन-तीन दिवसांनी खरवडून काढा, शेणाचा ढीग गोठ्यापासून लांब न्या आणि झाकून ठेवा. गोचीड अंगावर दिसतो पण अंडी भिंतीच्या आणि दगडांच्या फटीत घालतो, एक मादी हजारोंनी अंडी घालते, त्यामुळे नुसतं जनावर फवारून उपयोग नाही, फटी बुजवा, भिंतीला चुना मारा. फवारणीचं औषध डॉक्टरांना विचारून आणि मापातच वापरा, वैरणीवर पाण्यावर उडू देऊ नका आणि धारेच्या आधी कास नीट धुवा.

साथीत जनावर आणायचं नाही आणि विकायचं पण नाही. लागण झाल्यावर लक्षणं दिसायला चार दिवसांपासून चार आठवड्यांपर्यंत वेळ जाऊ शकतो, म्हणजे आज धडधाकट दिसणारी गाय पुढच्या महिन्यात गाठी घेऊन उभी राहील. अगदीच आणावं लागलं तर २८ दिवस वेगळं बांधा. आणि घाबरून आजारी गाय व्यापाऱ्याला देऊन टाकू नका, पडत्या भावात जाते आणि वाटेतल्या गावांना आजार देऊन जाते. सहसा शंभरात एक ते पाच जनावरं दगावतात, बाकीची नीट सेवा केली तर उठतात. संकरित गायी आणि लहान वासरं यांना त्रास जास्त होतो, म्हशींना कमी.

आता सेवा. व्हायरस मारणारं औषध नाही, अँटिबायोटिक देतात ते जखमा पिकू नयेत म्हणून, त्यामुळे कोणी एका इंजेक्शनात बरं करतो म्हणाला तर पैसे घालवू नका. तोंडात फोड असतात म्हणून गाय कडक वैरण सोडते, तिला भूक नसते असं नाही. हिरवा चारा बारीक कापून द्या, भिजवलेलं खाद्य द्या, पाणी तोंडाजवळ ठेवा, दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं. पाय आणि गळ्याखालची पोळी सुजते, बसलेल्या गायीची कूस दर दोन-तीन तासांनी बदला, खाली जाड कोरडं अंथरूण टाका नाहीतर बसून बसून जखमा होतात. गाठी फुटल्या की आत खड्डा पडतो, त्यात माशी बसली की दुसऱ्या दिवशी अळ्या. रोज दोनदा अगदी फिक्या गुलाबी पोटॅशियम परमँगनेटच्या पाण्याने धुवा, कोरडं करा, डॉक्टरांनी दिलेलं माशी न बसणारं मलम लावा. आजारी गायीचं सगळं काम शेवटी करायचं, आधी चांगली जनावरं, मग ती, आणि बादली दोर पण वेगळा.

वासरू आजारी आईकडे मोकळं सोडू नका, आईचं दूध उकळून कोमट करून बाटलीने पाजा. माणसाला हा आजार होत नाही, उकळलेलं दूध घरात प्यायला हरकत नाही, पण अँटिबायोटिक चालू असताना आणि नंतर डॉक्टर सांगतील तितके दिवस ते दूध पिऊ नका आणि विकू पण नका.

पैशाचा विचार आधीच करून ठेवा. आजारी पडल्यानंतर दूध कित्येक आठवडे पूर्ण येत नाही, गाभण गाय गाभडू शकते, नंतर माजावर यायला वेळ लागतो, बैल असेल तर कामाला लवकर जुंपता येत नाही. म्हणून त्या काळातला हप्ता, उधारी याबद्दल आधीच बोलून घ्या, लपवून ठेवलं की शेवटी गाय विकायची पाळी येते. विमा असेल तर कानातला बिल्ला, उपचाराच्या चिठ्ठ्या, तारखेसह फोटो सांभाळा आणि जनावर दगावलंच तर पुरायच्या आधी डॉक्टरांना आणि विमावाल्यांना कळवा. पुरताना खड्डा खोल हवा, पाण्याच्या जागेपासून लांब, वरून भरपूर चुना. उघड्यावर टाकू नका.

गाय बरी झाली, खायला लागली, रवंथ करायला लागली की आपण सैल पडतो. पण गळून पडलेल्या खपल्यांमध्ये व्हायरस ३५ दिवसांपर्यंत जिवंत राहतो. त्या झाडून गोळा करून जाळा, जमीन आणि गव्हाण २ ते ३ टक्के सोडियम हायपोक्लोराइटने धुवा, उन्हात वाळू द्या, आणि त्या दावणीला दुसरं जनावर बांधायची घाई करू नका.