वाडीला रस्ता आणि एसटी मागताना आकडे कसे मांडावेत

रस्त्याचे बरेच अर्ज एकाच ठिकाणी अडतात: लोकसंख्या लिहिलेली असते सगळ्या गावाची आणि रस्ता हवा असतो वाडीला. जनगणना मोजते महसुली गाव, तर प्रधानमंत्री ग्रामसडक योजना पाहते वस्ती. या योजनेच्या चौथ्या टप्प्यात २०११ च्या जनगणनेनुसार सपाटीवरच्या वस्तीला ५०० आणि अनुसूचित क्षेत्रातल्या वस्तीला २५० लोकसंख्या लागते.

म्हणून आधी जिल्हा जनगणना पुस्तिका काढा. त्यात गाव सहा आकडी संकेतांकाने शोधा, नुसत्या नावाने शोधलं तर बुद्रुकच्या जागी खुर्दचे आकडे उचलले जातात. घरं आणि एकूण लोकसंख्या उतरवून घ्या. गावात बससेवा आहे की नाही आणि नसेल तर ती ५ किलोमीटरच्या आत, ५ ते १० की त्याहून लांब, हेही त्यात असतं. पण ती नोंद त्या वेळची. मधल्या काळात फेरी बंद झाली असेल तर तसं स्वतंत्रपणे लिहा.

आता वाडीची यादी: घर, कर्ता, माणसं, घरपट्टी क्रमांक. ती मतदार यादीशी ताडून ग्रामसभेत वाचून दाखवा आणि ठरावाला जोडा. समजा गाव ९४० चं आणि वाडी २१० ची, तर अर्जात दोन्ही आकडे वेगवेगळे द्या. ५०० मीटरच्या आत दुसरी वस्ती असेल तर दोन्हींची लोकसंख्या एकत्र धरता येते. ते अंतर नकाशावर दाखवा.

ऊसतोडीला जाणाऱ्या गावांनी इथे जास्त काळजी घ्यावी. २०११ ची मोजणी ९ ते २८ फेब्रुवारीला झाली, म्हणजे ऐन गाळप हंगामात. जी कुटुंबं तो सगळा काळ फडावर होती, ती जिथे सापडली तिथेच मोजली गेली आणि गावचा आकडा खाली आला. कोयता, म्हणजे ऊस तोडणारी जोडी, कधी जातो, कधी परततो, किती घरांना कुलूप असतं, हे ठरावात आलंच पाहिजे. त्याने अधिकृत आकडा बदलत नाही, पण जिल्हा परिषदेकडे किंवा राज्याच्या योजनेतून रस्ता मागताना ती नोंद उपयोगी पडते.

जमिनीचं अर्जाआधीच मिटवा. ग्रामसडक योजनेत भूसंपादनाला पैसा नसतो. गटनकाशावर रस्त्याची रेघ मारा, ती ज्या ज्या गटातून जाते तिथल्या सातबारावरच्या प्रत्येक खातेदाराची लेखी संमती घ्या. एका भावाने सही केली आणि दुसऱ्याने नाही, तर काम ऐन मोरीच्या जागी थांबतं.

एसटीचं गणित वेगळं. आगार लोकसंख्या पाहत नाही, भारमान पाहतं, म्हणजे गाडी किती भरते ते. दोनशे सह्यांच्या निवेदनापेक्षा तीन दिवसांची फाट्यावरची नोंद भारी पडते. एक बाजाराचा दिवस, एक शाळेचा, एक साधा. पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत वहीत रकाने: वेळ, किती जण, कुठे जायचं, विद्यार्थी किती, ज्येष्ठ किती, वडापने (खासगी जीपने) गेले की चालत. त्यावरून एकच वेळ मागा, जसं सकाळी शाळेआधी पोचेल अशी. चार फेऱ्या मागितल्या की दुपारच्या रिकाम्या धावतात आणि भारमान घसरलं म्हणून सकाळचीही जाते. नवी गाडी मागण्यापेक्षा शेजारच्या गावापर्यंत येणारी फेरी तीन किलोमीटर पुढे वाढवून मागणं सोपं.

आगाराचा माणूस मार्ग पाहायला येण्याआधी गाडी वळवायला साधारण २५ मीटर व्यासाची जागा मोकळी करा. चार मीटर उंचीपर्यंतच्या बाभळीच्या फांद्या छाटा, लोंबणाऱ्या तारा महावितरणला कळवून वर घ्यायला लावा. साइडपट्टी पावसाने खचली असेल तर मुरूम टाकून दाबा, कारण समोरून ट्रॅक्टर आला की बसचं चाक तिथेच उतरतं. मुक्कामी गाडी हवी असेल तर चालक-वाहकाला कुलपाची खोली, पाणी आणि शौचालय कुठे मिळेल, ते ठरावातच लिहून द्या.