पोरांकडून बांधकाम करून घेताय? मग या चुका टाळा

बाक बनवणं, कुंपण घालणं, पायवाटेला कठडा लावणं, असले सेवा प्रकल्प तरुण पोरांनी अंगावर घेतले की मला मनापासून आनंद होतो आणि तितकीच काळजीही वाटते. मी अशा कामांवर लीडर म्हणूनही राबलोय आणि नंतर मोठा माणूस म्हणून बाजूला उभा राहूनही बघितलंय, आणि बिघडतं ते जवळजवळ दरवेळी त्याच त्याच जागी. लाकूड खराब निघालं म्हणून काम अडलं असं फार कमी वेळा झालं. माणसं नुसती उभी राहतात म्हणून काम अडतं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे लीडरने स्वतः ड्रिल हातात घेणं. सकाळी 20 जण आलेत, ड्रिल आहेत 2, त्यातलं एक तुमच्याकडे, तुम्ही खाली वाकून स्क्रू मारताय आणि मागे तिघं विचारायला थांबलेत की फळी कुठून कापायची, खड्डा किती खोल घ्यायचा, सँडपेपर कुठे ठेवलाय. तुम्हाला वाटतं आपण सगळ्यात जास्त राबतोय, पण तिकडे 18 जण हातावर हात ठेवून बसलेत. असा रिकामा माणूस अर्ध्या तासात मोबाईल काढतो, तासाभरात निघायचं निमित्त शोधतो आणि पुढच्या वेळी येतच नाही, आणि यात त्याची काहीच चूक नसते. त्यामुळे आदल्या रात्रीच कागदावर कामं पाडा, कापणारे, घासणारे, खड्डे घेणारे, जोडणारे, सामान ने-आण करणारे, 4-5 जणांची एकेक टोळी आणि प्रत्येक टोळीला एक मुख्य. तुम्ही बोलायचं ते त्या मुख्यांशी. आणि 2-3 कामं राखीव ठेवा, जी कुणीही कधीही करू शकेल, म्हणजे एखादी टोळी लवकर मोकळी झाली तर लगेच तिकडे वळवता येते. तुमचे हात मोकळे पाहिजेत, याची लाज वाटून घेऊ नका.

मापाची चूक तर अशी गुपचूप शिरते की संध्याकाळपर्यंत पत्ता लागत नाही. आम्ही एकदा बाकांचे 24 पाय कापत होतो, प्रत्येकी 45 सेंटिमीटर. पहिला पाय टेपने मोजून बरोबर कापला, दुसरा पहिल्यावर ठेवून आखला, तिसरा दुसऱ्यावर, चौथा तिसऱ्यावर, पोरं जोमात होती, आणि दर वेळी पेन्सिलीची रेघ एखादा मिलिमीटर बाहेर जात होती. शेवटचा पाय 47 च्या पुढे! बाक जोडून जमिनीवर ठेवला तर डुगडुगायला लागला, तेव्हा कुठे कळलं. अशा वेळी खाली चकत्या घालत बसू नका, सगळ्यात आखूड पाय शोधा आणि बाकीचे त्याच्याएवढे करा. आणि मुळात असं होऊच नये म्हणून एका तुकड्यावर जाड मार्करने ‘नमुना’ लिहा, तो बाकात लावायचा नाही, आखायचं फक्त त्याच्यावरून. त्याहून बरं म्हणजे करवतीच्या टेबलावर लाकडाचा ठोकळा पक्का बसवा, फळी त्याला टेकवायची आणि कापायची, टेप लागतच नाही. अजून एक, मशीनचं पातं साधारण 3 मिलिमीटर लाकूड खातं, त्यामुळे लांब फळीवर सगळ्या खुणा एकदम करून ठेवल्या तर तुकडे आखूड येतात. एक आखा, एक कापा.

काटकोनही डोळ्याने धरू नका. दोरीने एका बाजूला 3 फूट, दुसऱ्या बाजूला 4 फूट मोजा, तिरकं अंतर बरोबर 5 फूट आलं की कोपरा काटकोनात. चौकट झाल्यावर दोन्ही कर्ण मोजा, सारखे आले पाहिजेत. खड्डे घ्यायच्या आधी खालून पाइप किंवा केबल गेलीय का ते जागेच्या मालकाकडून पक्कं करून घ्या.

“समजलं का?” असं विचारू नका. सगळे हो म्हणतात. त्यापेक्षा पहिला जोड तुम्ही करून दाखवा, दुसरा तुमच्यासमोर त्याला करू द्या आणि मगच बाजूला व्हा. फळीच्या टोकाजवळ आधी बारीक भोक न पाडता स्क्रू मारला की फळी चिरते, हे दहा वेळा सांगून लक्षात राहत नाही पण एकदा स्वतः भोक पाडून स्क्रू बसवला की राहतं.

जपायच्या गोष्टींमध्ये मात्र अजिबात सूट नको. कापायचं मशीन आणि ग्राइंडर 18 च्या खालच्या कुणाच्याही हातात द्यायचं नाही, त्याने कितीही म्हटलं की मी घरी वापरतो. शिडी 4 फूट उंच टेकवली तर तिचा पाय भिंतीपासून 1 फूट लांब हवा. आणि ओल्या सिमेंटची भीती कुणालाच वाटत नाही ना, त्याचंच मला सगळ्यात जास्त भ्या वाटतं. पोरं ओल्या मालात गुडघे टेकून बसतात, पँट भिजते, तेव्हा दुखत नाही, पण सिमेंट कातडी जाळतं आणि ते कळतं काही तासांनी. हातमोजे, बूट घाला, आणि अंगाला लागलं की लगेच भरपूर पाण्याने धुवा.

आणि ही एक चूक मोठी माणसं करतात. एका 12 वर्षांच्या मुलाचे खिळे वाकडे गेले होते, जेवणाच्या सुट्टीत एका काकांनी ते काढून नवे ठोकले. मुलगा परत आला, त्याने बघितलं, काही बोलला नाही, पण दिवसभर परत हातोडीला हात लावला नाही. ते खिळे काढायचेच होते, मान्य, पण त्याच्याबरोबर बसून त्यालाच काढायला लावायचे होते. असं काही दिसलं तर लीडरने त्या मोठ्या माणसाला बाजूला घेऊन सांगायचं, वयाने मोठे असले तरी. नम्रपणे, पण सांगायचं.

कुंपणाचे खांब लावताना साधारण एक तृतीयांश लांबी जमिनीत जाऊ द्या, आणि काँक्रीट ओतल्यावर खांब ओळंब्यात, म्हणजे अगदी सरळ उभा आहे का ते बघून दोन बाजूंनी तिरके टेकू लावा, नाहीतर कुणीतरी येऊन त्याला टेकून उभं राहतंच. फावड्याने माल कालवायला जड जातो म्हणून पोरं पाणी वाढवत जातात, तिथे लक्ष ठेवा, जास्त पाण्याने काँक्रीट कमजोर होतं. एकाच मुलाकडे मापाचा डबा द्या, पाणी फक्त तोच घालेल.

आणि फोटो काढून सगळे घरी गेले तरी काँक्रीटचं काम चालूच असतं. बाकाखालचा ओटा किमान 7 दिवस ओला राहायला पाहिजे, त्याची पूर्ण ताकद 28 दिवसांची धरतात. म्हणून निघायच्या आधीच कागदावर 7 वार लिहा, प्रत्येक वारापुढे दोन नावं, पाणी कुठल्या नळाचं आणि नळाची चावी कुणाकडे तेही. शनिवारी सगळे हो म्हणतात, मंगळवारी कोण जाणार ते शनिवारीच ठरवा.