सर्व्हिसनाऊमध्ये एचआर केस शोधताना कोणतं नाव निवडाल?

सर्व्हिसनाऊ या ऑफिसच्या कामाच्या सॉफ्टवेअरमध्ये एचआरकडे आलेल्या प्रत्येक विनंतीची किंवा तक्रारीची नोंद म्हणजे केस. एखाद्या कर्मचाऱ्याच्या सगळ्या केस हव्या असतील, तर ‘ओपन्ड बाय’ या रकान्यावर फिल्टर लावू नका. तिथे केस नोंदवणाऱ्याचं नाव असतं, आणि ते बरेचदा एचआर डेस्कवरच्या माणसाचंच निघतं. ‘ओपन्ड फॉर’ म्हणजे केस ज्याच्यासाठी उघडली तो. ‘सब्जेक्ट पर्सन’ म्हणजे ती ज्याच्याविषयी आहे तो. मॅनेजरने हाताखालच्या कुणाच्या बदलीसाठी अर्ज टाकला, की ही दोन नावं वेगळी होतात. म्हणून ‘ओपन्ड फॉर’ आणि ‘सब्जेक्ट पर्सन’ या दोन्हींवर त्या कर्मचाऱ्याच्या नावाची अट लावा आणि त्या ‘ऑर’ने जोडा, ‘अँड’ने नको. नाहीतर नेमकी अशीच केस यादीतून निसटते, आणि त्यामागे कुणीतरी उत्तराची वाट पाहत असतं.

शोध मूळ ‘एचआर केस’ टेबलावरच घ्या. पगाराच्या आणि कर्मचारी-संबंधांच्या केसची टेबलं त्याच्याच पोटात येतात.

एवढं करूनही यादी अपुरी वाटली तर तळाशी नजर टाका. सुरक्षेच्या नियमांमुळे काही ओळी वगळल्याची सूचना असेल, तर फिल्टरमध्ये चूक नाही. त्या केस बघण्याचा रोल, म्हणजे परवानगी, तुमच्याकडे नाही. तक्रारींच्या बाबतीत ते योग्यच आहे. जमलेला फिल्टर मात्र नाव देऊन सेव्ह करा.