मॉकला ६१०, नीटला किती?

क्लासच्या मॉकला, म्हणजे सराव टेस्टला, मला ६१० पडायचे. २०२५च्या नीटला (मेडिकलची प्रवेश परीक्षा) ५००सुद्धा झाले नाहीत. म्हणून आता धाकट्या भावाचे सराव पेपर मीच लावते.

आधी साचा बघा. २०२४च्या पेपरात २००पैकी १८० प्रश्न सोडवायला २०० मिनिटं होती. २०२५ला १८० प्रश्न, १८० मिनिटं. २०२४च्या साच्यातला संच असेल तर वीस मिनिटं कापा.

वेळ दुपारी २ ते ५चीच ठेवा. मी सकाळी जुळे सोलापुरातल्या अभ्यासिकेत कूलरसमोर बसायचे. परीक्षा मात्र मेच्या उन्हात, पोटात भाकरी आणि शेंगाचटणी. त्या दिवशी हलकं खा. (आईला पटत नाही, सांगून बघा.)

ओएमआर, म्हणजे गोल रंगवायची उत्तरपत्रिका, बॉलपेननेच भरा. मोबाईलवरच्या टेस्टमध्ये उत्तर बदलता येतं, इथे गोल रंगवला की संपलं.

तपासताना चुकांचे तीन रकाने पाडा: आलंच नाही, घाईत चुकलं, ठोकून दिलं. दुसऱ्यासारखाच तिसऱ्यातही चुकीच्या उत्तराला प्रत्येकी एक गुण कापला जातो. माझा तिसरा रकाना फिजिक्सनेच भरलेला असायचा.

क्लासचे प्रश्न सरांच्या नोट्समधले, ओळखीचे. पंधरवड्यातून एकदा दुसऱ्या क्लासचा अनोळखी पेपर आणा आणि त्याचेच गुण वहीत लिहा.