या चुका टाळा : मोबाइलवरचं बॉक्सिंग जिल्हा स्पर्धेत नेऊ नका

दिवाळीनंतर चोपड्याकडचा एक मुलगा आमच्याकडे सरावाला आला. हातात नवेकोरे लाल ग्लोव्हज, मनगटाच्या पट्टीवर ८ औंस छापलेलं. म्हणाला, "सर, मोठे बॉक्सर हेच घालतात." त्याचं खरं होतं. व्यावसायिक लढतीत साधारण ६६.७ किलोपर्यंतचे बॉक्सर ८ औंसचे ग्लोव्हज घालतात, त्यापुढचे १० औंसचे. पण याला उतरायचं होतं हौशी स्पर्धेत. तिथे हलक्या वजनाला १० औंस, वरच्या वजनाच्या पुरुषांना १२ औंस. महिलांना १०. म्हणजे पैसे वाया गेलेच, वर त्याच पातळ गादीच्या ग्लोव्हजवर स्पारिंग, म्हणजे जोडीदाराशी सरावाची लढत, करून पहिल्याच आठवड्यात त्याने जोडीदाराचा ओठ फोडला.

जळगाव, धुळे, नंदुरबारची आमची पोरं बॉक्सिंग बघतात मोबाइलवर, आणि तिथे दिसतं ते बहुतेक व्यावसायिक. उतरतात मात्र शालेय, जिल्हा, विद्यापीठ स्पर्धेत, म्हणजे हौशी खेळात. बहुतेक चुका या गफलतीतूनच होतात.

ग्लोव्हज आणि बॅग

पैसे एकाच जोडीपुरते असतील तर १४ किंवा १६ औंसची सरावाची जोडी घ्या. स्पर्धेचे ग्लोव्हज बहुतेक ठिकाणी आयोजकच देतात. आधी विचारून घ्या, मग खर्च करा.

मनगट दुखतंय अशी तक्रार आली की मी ग्लोव्हजच्या आधी बॅग दाबून बघतो. आपल्याकडे वाळू भरलेली बॅग सर्रास टांगलेली असते. महिनाभरात वाळू खाली बसते आणि खालचा भाग दगड होतो. वर मारलं तर मऊ, बरगडीच्या उंचीवर मारलं तर मनगट मुरगळतं. वाळू काढून टाका. शिंप्याकडच्या चिंध्या आणा, थोड्या थोड्या टाकत दांडक्याने ठासून भरा. नंतर बँडेज, म्हणजे ग्लोव्हजच्या आत हाताला गुंडाळायची पट्टी, बघा. अंगठ्यात अडकवून मनगटावर तीन वेढे, मग बोटांच्या सांध्यांवर, पुन्हा मनगट. मूठ आवळल्यावर घट्ट वाटलं पाहिजे, उघडल्यावर बोटं निळी पडता कामा नयेत. व्यावसायिक बॉक्सरसारखी कापसाची जाळीदार पट्टी आणि चिकटटेप लावून हौशी रिंगणात जाऊ नका. पंच बांधलेले हात तपासतात आणि सोडायला लावतात.

ग्लोव्हज ओले झाले की आमची पोरं ते गच्चीवर उन्हात टाकतात. खानदेशातल्या उन्हात चामडं तडकतं. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि पंख्याखाली ठेवा.

वजन

माझा सगळ्यात जास्त जीव जळतो तो इथे. व्यावसायिक लढतीचं वजन साधारण आदल्या दिवशी होतं. बॉक्सर अंगातलं पाणी काढतो, काट्यावर चढतो आणि मग जवळपास एक दिवस खाऊन-पिऊन भरून काढतो. तेही धोक्याचंच आहे, पण त्याला वेळ तरी मिळतो, सोबत डॉक्टर असतो, आणि लढत एकच असते. हौशी स्पर्धेत वजन सकाळी आणि बाउट, म्हणजे लढत, त्याच दिवशी. जिंकलात तर पुढच्या बाउटच्या सकाळी पुन्हा काटा.

एका मे महिन्यात आमच्या एका मुलाने तीन किलो उतरवण्यासाठी अंगात प्लास्टिकचा सूट घालून दुपारी धावायला सुरुवात केली. पारा ४४ च्या पुढे. वजन बसलं, पहिली बाउटही जिंकला. दुसऱ्या दिवशी सकाळी काट्यावर उभा राहिला तेव्हा त्याचे ओठ पांढरे होते. दुसऱ्या राउंडला हात वरच येईनात. मी टॉवेल टाकला, म्हणजे हार मानून बाउट थांबवली. चूक माझीही होती. तो काय करतोय, हे मी आठवडाभर आधी विचारायला हवं होतं.

उन्हाळ्यात घामाने कपडे ओले करून वजन उतरवायचं नाही. सहा-आठ आठवडे आधी जेवणातून उतरवा: शेवभाजी आणि तळण बंद, कळण्याची भाकरी, डाळ आणि भाजी चालू. पाणी तोडायचं नाही. एवढ्यानेही वजन बसत नसेल तर वरच्या गटात उतरा.

नऊ मिनिटांचा हिशेब

व्यावसायिक लढत चार राउंडपासून बारा राउंडपर्यंत चालते. तिथे पहिला राउंड समोरच्याला जोखण्यात घालवता येतो. मोठ्या वयोगटातली हौशी बाउट म्हणजे तीन मिनिटांचे तीन राउंड. पहिला राउंड बघण्यात गेला तर एक तृतीयांश बाउट हातची गेली. दोन्हीकडे गुणदान दहाच्या पद्धतीनेच होतं, म्हणजे राउंड जिंकणाऱ्याला दहा आणि हरणाऱ्याला नऊ किंवा कमी, पण व्यावसायिक लढतीत समोरच्याला पाडलं की राउंड बहुधा १०-८ ने मिळतो. हौशीत पाडल्याचे वेगळे गुण नाहीत, तो ठोसाही इतर स्वच्छ ठोशांसारखाच एक. म्हणून एका मोठ्या ठोशाची वाट बघत बसलेली पोरं हरतात आणि पंचांना दोष देतात. पहिल्या घंटेपासून जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, टाका.

आणखी एक. हौशीत जोराचा फटका बसला तर तुम्ही उभे असतानाही रेफ्री आठपर्यंत काउंट देतो. तेव्हा वाद घालू नका. हात वर घ्या, रेफ्रीच्या डोळ्यांत बघा.

व्यावसायिक व्हायची घाई

कोणी पोस्टर छापून "प्रो फाइट" लावतो, दोन-पाच हजार देतो, आणि मुलगा सही करतो. सही करण्याआधी जिल्हा संघटनेला विचारा. परवानगी नसलेल्या लढतीने हौशी स्पर्धेची वाट अडू शकते. विजेंदर सिंगने २००८ मध्ये बीजिंगला ऑलिम्पिक कांस्य जिंकलं आणि व्यावसायिक झाला २०१५ मध्ये. मधली सात वर्षं तो हौशी खेळातच होता.

हेडगार्ड आहे ना, मग काय होतंय!

२०१३ मध्ये आंतरराष्ट्रीय हौशी संघटनेने मोठ्या वयोगटातल्या पुरुषांचं हेडगार्ड, म्हणजे डोक्यावरचं गादीचं कवच, काढलं आणि २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये पुरुष त्याशिवाय लढले. ते बघून आमची पोरं सरावातही हेडगार्ड भिरकावतात. तसं करू नका. ते भुवई फाटण्यापासून, खरचटण्यापासून वाचवतं. पण कवटीच्या आत मेंदूला बसणारा हिसका ते थांबवत नाही, म्हणून ते घातलंय या भरवशावर डोक्यावर ठोसे खाऊ नका.

डोक्यावर फटका लागून नॉकआउट झाला तर हौशी नियमांनुसार किमान ३० दिवस बाउट नाही, स्पारिंगही नाही. पोरं हे लपवतात. घरी सांगत नाहीत, आम्हालाही नाही. एकाने तर चौथ्या दिवशी ग्लोव्हज चढवता चढवता हळूच सांगितलं, "सर, मन्हं डोकं दुखस." मी तिथेच त्याचे ग्लोव्हज उतरवले आणि वडिलांना फोन लावला. आईवडिलांनो, बाउटनंतर मुलाला उलटी झाली, डोकेदुखी वाढत गेली, बोलणं अडखळलं किंवा तो उठवूनही नीट जागा होत नसेल, तर सकाळची वाट बघू नका. सीटी स्कॅनची सोय असलेल्या दवाखान्यात रात्रीच न्या.